आजोबांच्या होडीची पांढरी डोलकाठी

आदरणीय एमोसी मामा यांना,

तुमच्या धाकट्या भाचीचा, विलीमाइनाचा, मान लववून नमस्कार. इकडे आम्ही मजेत आहोत. सुवा शहराच्या पावसात तुमचा गुडघा कसा आहे? मामीला सांगा, तिचा केक बोटीवरून उतरला तेव्हा अर्धा होता. (उरलेल्या अर्ध्याची चौकशी केली नाही, खलाशी आपल्याच नात्यातले आहेत.) रेडिओफोनवरच बोलले असते, पण तिथलं बोलणं सगळी बेटं ऐकतात आणि हा मजकूर तसा नाही.

पदवी घेऊन मी गावी आले ती एक ध्येय घेऊन. घरातली पहिली शिकलेली मी, तेव्हा ध्येय असणं भागच होतं. आजोबांची उलांडीची, म्हणजे तोलासाठी बाजूला ओंडका बांधलेली, शिडाची होडी वीस वर्षं नारळाखाली पडून होती आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या. गावच्या बैठकीत ठरलं की तिच्या अखंड वेसी लाकडाचे तुकडे करायचे, त्यांतून यांगोनाचं पेय घोळायची भांडी कोरायची आणि सुवाला विकायची. मी उभी राहिले आणि समुद्र, पूर्वज व वारसा यांवर वीस मिनिटं बोलले. शेवटी पंच म्हणाले, नव्या वर्षाआधी होडी शिडावर तुमच्या गावी, वाइदालोला, जाऊन परत आली तर राहील, नाहीतर भांडी. (पंचांना भूक लागली होती, असं आईचं मत.)  दुसऱ्या दिवशी आजोबा होडीतल्या कोंबड्या हाकलताना दिसले.

बायकांनी केवड्याच्या पानांचं शीड विणून दिलं. ते इतकं देखणं झालं की लोसालिनी आत्या बघायला आली आणि म्हणाली, "केरेकेरे, विली. पोरीच्या लग्नात पाहुण्यांना काय वाळूवर बसवू?" कोणी केरेकेरे म्हणून मागितलं की नाही म्हणता येत नाही, ही रीत मला अक्षरओळखीच्या आधीपासून माहीत आहे. शीड लग्नाला गेलं. मग उलांडीचा ओंडका गेला चर्चमध्ये बाक म्हणून, आणि काथ्याचे दोर गेले डुकरं बांधायला. तेव्हा शिकलेलं माणूस जे करतं तेच मी केलं. पाटी लावली: "या होडीचं काहीही कोणी मागू नये."

पाटी सगळ्यांनी नीट वाचली. त्या दिवसापासून कोणी काही मागितलं नाही आणि कोणी फिरकलंही नाही. मी आणि आजोबा दोघंच नीरफणसाच्या चिकाने भेगा बुजवत बसलो. (निम्मा चीक माझ्या केसांत गेला, म्हणून फोटो पाठवत नाही.) आठव्या दिवशी आजोबांनी पाटी उपटली आणि तिच्यावर मासे कापायला घेतले. म्हणाले, "ज्यांना तू नाही म्हणतेस, त्यांच्यावाचून ही पाण्यात ढकलणार कोण? तुझी पदवी?" संध्याकाळी मी आत्याच्या दारात जाऊन केरेकेरे म्हणाले. आत्या म्हणाली, "किती वाट बघायला लावलीस गं. आम्हाला वाटलं, शिकल्यावर मागायची लाज वाटते." शीड परत आलं आणि त्यावरचे चरबीचे डाग झाकायला आठ बायकाही आल्या. ओंडका आला, त्याच्यावर बसणारं अख्खं भजनमंडळ घेऊन. दोरही आले, एका डुकरासकट. (डुक्कर परत केलं.)

मग सगळ्यांनी मिळून होडी ढकलली, ती तरंगली आणि या सोमवारी शिडावर वाइदालोला पोचलीसुद्धा. आजोबांनी सुकाणूचं वल्हं वाटेत कोणाच्याही हाती दिलं नाही. हे तुम्ही पाहायला हवं होतं.

बाकी क्षेम. गुडघ्याला नारळाचं तेल लावत जा.

तुमची लाडकी (अजून असेन तर),
विलीमाइना

ता. क. डोलकाठी कुठली, हे लिहायचं राहिलं. गेल्या वादळानंतर आमच्याकडे सरळ झाड म्हणून उरलेलं नाही. तुमच्या वाइदालोच्या रग्बी मैदानावर तुम्ही स्वतः उभारलेले गोलपोस्टचे खांब मात्र फार सरळ आहेत. मामाच्या गावी भाचीने मामाचं काहीही न विचारता उचलावं, हा वासूचा, म्हणजे भाचरांचा, हक्क तुम्हीच मला शिकवलात. मी फक्त उजवा उचलला आणि भजनमंडळाच्या लाँचवरून आमच्या गावी नेला.

ता. क. २. वर "इकडे आम्ही मजेत" लिहिलं आहे, ते इकडे म्हणजे वाइदालो. तुमचे गावप्रमुख सेवानाया किनाऱ्यावर उभेच होते. (पांढऱ्या रंगाची डोलकाठी फार लांबून ओळखू येते.) ते म्हणतात, "वासूचा हक्क मामाच्या वस्तूवर. एमोसीने खांब मैदानाला दिलाय. मैदान तुझा मामा लागतो का?" याचं उत्तर विद्यापीठात शिकवत नाहीत. शनिवारी सामना आहे. सरावाला खांबाच्या जागी पाद्रीबाबा हात वर करून उभे राहतात, पण चेंडू आला की वाकतात. खांब काढून दिला तर परतीचा प्रवास नाही, आणि परतलो नाही तर भांडी. आजोबा रोज भरतीच्या वेळी होडीत जाऊन बसतात आणि ओहोटी लागली की उठतात. चार दिवस आम्ही तुमच्याच घरी उतरलो आहोत. (चावी जुन्याच जागी होती.) तेव्हा मामा, केरेकेरे, खांब अजून तुमचाच आहे एवढं रेडिओफोनवर सांगा. सगळ्या बेटांनी ऐकलं तर उत्तमच.

ता. क. ३. तुम्हाला पत्र नेणारी बोट दोन दिवस उशिरा आली, त्यामुळे आता फोन करू नका. तुमच्या स्वयंपाकघराचं आढं खांबाएवढंच लांब आहे, आणि ते तुमचं स्वतःचं आहे याबद्दल सेवानायांचंही दुमत नाही. ते आता मैदानावर उभं आहे. आम्ही सकाळच्या भरतीला घरी निघतो. आजोबा आतापासूनच होडीत जाऊन बसलेत. स्वयंपाकघरात धूर कोंडतो अशी मामीची फार दिवसांची तक्रार होती, ती मिटली आहे असं तिला सांगा.