न दुखणारी जखम

म्युनिक, ११ मार्च १९९२

तीर्थरूप आबा,

तुमच्या आणि मायच्या पाया पडते. तुमच्या उजव्या पायाला मात्र हात लावत नाही.

मी बरी आहे. थंडी ओसरली. बाजरीचं पीठ मिळत नाही, पण भाताची सवय झाली.

माझं काम काय, असं तुम्ही विचारलंत. उंदराच्या कानाची कातडी इतकी पातळ असते, की सूक्ष्मदर्शकाखाली आतलं रक्त वाहताना दिसतं. जखम झाली की पांढऱ्या पेशी शिरेच्या कडेने गडगडत येतात, तिथे थांबतात आणि बाहेर पडून जंतूंशी भिडतात. आपल्याला दिसते ती सूज, तो पू, ही त्यांचीच खूण.

रक्तात साखर वाढलेल्या उंदरात त्या पेशी न थांबताच पुढे निघून जातात. वरून जखम शांत दिसते, आत जंतू वाढत राहतात.

पायात काटा भरून महिना झाला, जखम मिटली नाही, असं तुमची पत्रं लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या छगनने कळवलंय. खाली तुमचे शब्द: ‘पू नही, सूज नही, जराबी दुखत नही. बठ्ठं बेस शे.’

सगळं ठीक आहे, हे ऐकून माय निश्चिंत झाली असेल. मला झोप नाही. तुम्हालाही साखर आहे, आबा.

सोनगीरला दुकानात दोनदा फोन लावला, लागला नाही. तार केली तर माय न उघडताच हंबरडा फोडेल. आणि पत्राला बारा दिवस लागतात.

छगन, हे वाचून झालं की आबांना तसंच धुळ्याला मोठ्या डॉक्टरकडे ने. हळद भरत बसू नका.

मायचे गुडघे कसे आहेत?

आबा, पुढच्या पत्रात पाय ठणकतो असं लिहा. मी इथे पेढे वाटीन.

तुमचीच,
शकू