वरची रांग

प्रिय धाकट्या,

पत्ता आत्याकडून मिळवला. देताना तिने दोनदा विचारलं, "भांडायला तर नाही ना रे?" नाही म्हणालो, तेव्हा कुठे चिठ्ठी हातात पडली.

बातमी अशी की स्टेडियममधला आपला धावफलक उतरवला. दोन दिवस लागले. पत्रे खाली पडताना असा आवाज व्हायचा की मागच्या गल्लीतल्या शिंपीणबाई मशीन थांबवून बाहेर यायच्या आणि कामगारांना चार शब्द सुनावून परत आत जायच्या. नवा फलक दिव्यांचा आहे. एक मुलगी काचेच्या खोलीत बसून बोटांनी आकडे बदलते. हुशार आहे, चुकत नाही. तिला शिडी लागत नाही, हे पाहून मला तुझी आठवण झाली.

तू साध्या स्टुलावर चढलास तरी तुझे डोळे फिरायचे. म्हणून खालची रांग, म्हणजे खेळाडूंचे आकडे, तुझी. आणि वरची रांग, संघाची एकूण धावसंख्या, माझी. बाहेर कोणाला ही वाटणी ठाऊक नव्हती. लोकांना फक्त पत्र्याचे आकडे हलताना दिसायचे. आपण फटीतून पंचाकडे बघायचो, आणि मागे ती छोटी खिडकी होती, आपल्या गल्लीकडची. चहा झाला की तुझी वहिनी गॅलरीत निळा पंचा वाळत टाकायची. मग मी खिडकीतून दोरी खाली सोडायचो, ती किटली बांधायची आणि मी वर ओढायचो. आरोळीवरून चौकार ओळखणारी ती गल्ली, पण सामना कधी दिसला नाही तिला. दिसायची ती फलकाची पाठ आणि वर चढणारी किटली.

गल्ली बरीच बदलली. कोपऱ्यावरची सायकलींची दुरुस्ती गेली, तिथे मोबाइलचं दुकान आलं. सामन्याच्या दिवशी अजून कोणाला गाडी लावायला जागा मिळत नाही आणि अजून सगळे एकमेकांच्या दारासमोर लावून भांडतात. आपल्या गल्लीचा तो फलंदाज, तुझा वर्गमित्र, आता चष्मे विकतो. लोकांना आकडे नीट दिसावेत हाच त्याचा धंदा झाला, यावर मी कधी हसलो नाही.

करंडकाचा तो शेवटचा दिवस तुला सांगायची गरज नाही, पण मला लिहायची आहे. तीन चेंडू उरले होते. आपल्या जोडीने दोन धावा पळून काढल्या, मी वर दोन चढवल्या. मग पंचाने खांद्याला बोटं लावली: एकाची बॅट रेषेपलीकडे टेकली नव्हती, एक धाव कमी. ती खूण मला दिसली नाही. तू खाली तुझ्या आकड्यांत गुंतला होतास. पुढचा चेंडू कोरा गेला. शेवटच्या चेंडूला फलक सांगत होता एक हवी, खऱ्या हव्या होत्या दोन. चष्मेवाल्याने एक काढली, वर बघितलं आणि बॅट उंचावून नाचायला लागला. दुसरी चालत झाली असती. पंचांनी धावलेखकाच्या वहीतला आकडा धरला. सामना बरोबरीत, आणि नियमाप्रमाणे करंडक मागच्या वर्षीच्या विजेत्यांकडेच राहिला.

स्टेडियमचे चिटणीस वर आले आणि "कोणी केलं हे?" म्हणून ओरडले. माझी मुलगी तेव्हा दोन महिन्यांची. तू माझ्याकडे बघितलंस आणि "मी" म्हणालास. मी गप्प बसलो. आठ दिवसांत खरं सांगून टाकू, असं मनाशी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी न्हाव्याने तुझी अर्धी दाढी झालेली असताना तुला खुर्चीवरून उठवलं, "चालता हो" म्हणाला. तू तसाच, एका गालाला साबण घेऊन घरी आलास. आठ दिवसांच्या आत तू गाव सोडलंस. त्याला सत्तावीस वर्षं झाली.

गेल्या रविवारी माझा निरोपाचा कार्यक्रम झाला. खुर्च्या मांडल्या, चिटणिसांच्या मुलाने भाषण केलं, मला घड्याळ दिलं. "निर्दोष सेवा" असा शब्द त्याने तीनदा वापरला. तिसऱ्यांदा ऐकवेना. मी माइक घेतला आणि सांगितलं: वरची रांग माझी होती, आणि पंचाने बोटं लावली तेव्हा मी मागच्या खिडकीतून निळा पंचा लागला का ते बघत होतो. चहासाठी. एवढंच कारण आहे, याहून मोठं कारण असतं तर मला बरं वाटलं असतं. घड्याळ टेबलावर ठेवून खाली उतरलो. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते ठीकच झालं. तुझ्या वहिनीने त्या दिवसापासून मला चहा दिलेला नाही. मी स्वतः करून पितो, आणि तो वाईट होतो.

चष्मेवाला फाटकापाशी थांबला होता. वाटलं, आता दोन थोबाडीत देणार. तो म्हणाला, "मला तेव्हाच माहीत होतं. जो पोरगा शाळेत बाकावर उभं केलं की पांढराफटक पडायचा, तो शिडीवर कसला चढतोय? मी त्याच संध्याकाळी त्याला विचारलं. त्याने माझी बॅट माझ्याच हातात देऊन शपथ घ्यायला लावली, की बोलणार नाही." म्हणजे तू नुसता आळ घेतला नाहीस, तुला वाचवू शकणारा एकुलता एक पुरावाही बंद करून गेलास. हे मला सत्तावीस वर्षं माहीत नव्हतं. मला लाज वाटते, धाकट्या. दुसरा शब्द नाही.

माफी मागायला मी हे पत्र लिहिलं असतं की नाही, देव जाणे. मी भित्रा माणूस. पण काल न्हावी घरी आला. म्हातारा झालाय, हात थरथरतो, दुकान मुलगा बघतो. दारातच उभा राहिला, आत आला नाही. म्हणाला, "धाकट्याला कळव. त्याची अर्धी दाढी माझ्याकडे राहिलीय. ती मी मुलाला करू देणार नाही. हात चालतोय तोवर ये म्हणावं." हा निरोप पोचवायचा म्हणून लिहिलं. ये.

तुझाच,
थोरला