रंगरूटाला जिना मना आहे

प्रिय ठमे,

तुझे बाबा रंगरूटाला घेऊन आत्ताच खाली उतरलेत. ते परत येईपर्यंत जेवढं होईल तेवढं लिहिते. फोनवर हे बोलता येत नाही. या दोन खोल्यांत मी कुजबुजले तरी त्यांना ऐकू जातं, आणि नको ते तर आधी ऐकू जातं. शिवायला आलेले कपडे बाजूला सारून मशीनवरच कागद ठेवलाय. हात इकडे, कान जिन्याकडे.

तू विचारलं होतंस पिल्लू कसं आहे. पिल्लू कसलं, ठोकळा झालाय नुसता! तू आणलास तेव्हा माझ्या चिंध्यांच्या टोपलीत मावायचा, आता टोपली त्याच्या डोक्यात अडकते. बारसं राहूनच गेलं. बाबा 'रंगरूट' म्हणायला लागले आणि तो त्यालाच ओ द्यायला लागला. आगीच्या बंबावर उभं आयुष्य काढलेल्या माणसाच्या हाती तू बुलडॉगचं पिल्लू दिलंस, मग दुसरं काय होणार? पहिल्याच आठवड्यात कवायत सुरू. जिने चढ, कठड्यावरून उडी मार, दोर ओढ. एकदा मला म्हणाले, याच्यासाठी वाळूच्या खिशांचं जाकीट शिवून दे, खांदे भरतील. मी साफ नकार दिला, तर माझ्याच मशीनवर बसून स्वतः शिवलं, दोन सुया मोडल्या आणि वर मशीनलाच नावं ठेवली. मला हसू आवरेना. नंतर त्या जाकिटाकडे बघवेना, मी ते कचऱ्यात टाकून दिलं.

ऊन तापलं होतं त्या दिवशी. बाबा त्याला त्यांच्या जुन्या अग्निशमन केंद्राच्या मैदानावर पळवायला घेऊन गेले. तो आधी मागे पडला, मग बसला. बाबांना वाटलं, कामचुकारपणा करतोय, म्हणून त्यांनी पट्टा ओढला. तो आडवाच झाला. जीभ जांभळी, आणि श्वास लाकडावर करवत चालवावी तसा. बाबा त्याला उचलून प्राण्यांच्या दवाखान्यापर्यंत पळत गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी अंगावर पाणी ओतलं, पंखा लावला, नळीतून प्राणवायू दिला. वाचलं लेकरू. मी पोचले तेव्हा बाई बाबांची हजेरी घेत होत्या, "आगीतनं माणसं काढलीत म्हणता, आणि धाप लागलेली ओळखता येत नाही तुम्हाला?" बाबांना कुणी असं बोललेलं आणि ते गप्प बसलेले मी लग्नापासून पाहिले नव्हते.

बाईंनी नंतर नीट समजावलं. या जातीचं नाक आखूड, आतली वाट अरुंद, त्यामुळे अंगातली गरमी बाहेर पडत नाही. हाडं अजून कोवळी आहेत. वर्ष-सव्वा वर्षाचा होईपर्यंत जिने नाहीत, उड्या नाहीत, पळापळ नाही. ऊन नसताना, गवतावरून, थोडं थोडं चालवायचं. गळ्याला पट्टा नको, छातीला बांधायचा. तो दमल्यावर नाही, दमायच्या आधी थांबायचं. दम हळूहळूच वाढतो, ओढून आणता येत नाही.

आलेत वाटतं. थांबते.

*

दोघंही झोपलेत, एकाच सुरात घोरताहेत. पुढे लिहिते.

त्या दिवसापासून बाबा असे बदलले, की विचारू नकोस. उजाडायच्या आत फिरवून आणतात. खांद्यावर ओला टॉवेल, हातात पाण्याची बाटली. चार पावलं चालले की खाली वाकून त्याच्या हिरड्यांचा रंग बघतात. त्याच्या वाडग्यात मी एक तुकडा जास्त टाकला तर माझ्यावर डोळे वटारतात. बागेत कुणी पिल्लाला पळवताना दिसलं, की त्या अनोळखी माणसाला गाठून अख्खं व्याख्यान देतात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! तुला कळलं नसेल मी असं का म्हणते ते. आता सांगतेच.

त्या दिवशी दवाखान्यात बाईंचं बोलणं संपलं तेव्हा रंगरूट टेबलावर होता आणि बाबा भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. तोंड राखेसारखं, घामाने शर्ट भिजलेला, एक हात छातीवर. मला म्हणाले, "पळालो ना, म्हणून." डॉक्टरीणबाईंनी ऐकलं नाही, आपल्या मदतनिसाला सोबत देऊन त्यांना थेट मोठ्या दवाखान्यात पाठवलं. ठमे, बाबांच्या हृदयाच्या तीन नळ्या बंद होत आल्यात. ऑपरेशन लागणार आहे. तोवर जड उचलायचं नाही आणि जिने होतील तितके कमी चढायचे, असं तिथल्या डॉक्टरांनी माझ्यादेखत बजावलंय. तुला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली होती. ती मी आज मोडली.

आणि आपण राहतो दुसऱ्या मजल्यावर. रंगरूटाला जिना मना आहे, म्हणून बाबा त्याला उचलून खाली नेतात आणि उचलून वर आणतात. दिवसातून तीनदा. तो दोन भरल्या बादल्यांइतका जड झालाय आणि रोज वाढतोय. पूर्वी जिन्यात त्याची घरघर ऐकू यायची. आता जी ऐकू येते ती बाबांची असते, तो त्यांच्या छातीशी गप्प असतो. मधल्या वळणावर पावलं थांबतात. मी दार उघडून उभी राहते, हाक मारायचीही भीती वाटते. परवा बाबा इतका वेळ थांबले, की मी अनवाणीच खाली धावले. कठड्याला टेकून उभे होते, कुत्रा तसाच कवेत. मला बघून म्हणाले, "काही नाही, तो दमलाय." जित्याची खोड म्हणतात ना... पुढचं लिहवत नाही.

माझे गुडघे तुला माहीत आहेत, मला तो उचलत नाही. खालच्या मजल्यावरचा वायरमन रोज त्याला उचलायला यायला तयार आहे, पण बाबा हात लावू देत नाहीत. ऑपरेशनची एक तारीख त्यांनी परतवून लावली, म्हणे रंगरूट मोठा झाला की बघू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेवढे दिवस कुत्रा माझ्याकडे ठेवा. तर बाबा म्हणाले, "त्याला एकदा सोडून गेलेत. पुन्हा नाही." हे तुला लागेल, मला ठाऊक आहे. नव्या नोकरीच्या घरात कुत्रा चालत नव्हता, तुझा इलाज नव्हता, आणि बाबा तुला नको ते बोलले. तेव्हापासून तुम्ही दोघं बोलत नाही. बापलेक एकाच मातीचे, मी मधल्या मध्ये.

तर पत्राचं कारण एवढंच, की मोठ्या दवाखान्याने पुढच्या सोमवारची तारीख दिलीये, आणि तिथले डॉक्टर म्हणालेत, आता आणखी थांबू नका. रजा काढ आणि त्याआधी ये. माफी मागू नकोस, त्यांनाही मागायला लावू नकोस. सकाळी दारात उभी राहा आणि त्यांच्या हातातून कुत्रा घे. बाकी मी बघते. काल त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, ठमी आली तर भरती व्हाल का? बराच वेळ रंगरूटाचे कान कुरवाळत बसले. मग म्हणाले, "ती कशाला येतेय?" नाही म्हणाले नाहीत, ठमे.

तुझीच, वाट बघणारी,
आई