रायाजी खोडक्याचे वारस

शहापूर,
मार्गशीर्षातला पहिला सोमवार

तीर्थरूप माईस,
धाकट्या बहिणीचा, मीनाचा वाकून नमस्कार. (कंबर अजून वाकते, हे तुला कळावं म्हणून मुद्दाम लिहिलं.) तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला, सूनबाईंची नोकरी, गच्चीतली मेथी, सगळं ठीक असेल असं धरून चालते. इकडे हे बरे आहेत, मांजर बरं आहे आणि मी जिवंत आहे. यातली शेवटची गोष्ट गेले तीन आठवडे तितकीशी नक्की नव्हती. फोनवर सांगितलं असतं, पण फोन वाजला की अजून छातीत धस्स होतं, म्हणून पत्र.

तू म्हणशील, जी बाई चौदा ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिते, जिच्या प्रत्येक पुस्तकात निदान चार लढाया आणि दोन गांधर्वविवाह असतात, तिला कसली भीती? माई, मला पालीचीसुद्धा भीती वाटते. ‘मोरदरीची मंजुळा’मधलं तटावरचं द्वंद्व लिहीत होते त्या सकाळी ओट्यावर झुरळ निघालं. हे बाजारातून येऊन ते मारीपर्यंत मी खुर्चीवर पाय घेऊन बसले होते आणि तिकडे नायक दुपारपर्यंत तलवार उपसून ताटकळत उभा. लोक विचारतात, तुम्हाला हे सगळं सुचतं कुठून? व्यासपीठावर असले तर मी ‘सह्याद्रीच्या कुशीतून’ असं सांगते. खरं म्हणजे मोरदरीचा गड म्हणजे आटगाव स्टेशनच्या फलाटावरून दिसणारा एक डोंगर (वर कधी गेले नाही, चक्कर येते). नायकाचा घोडा म्हणजे धसईची एसटी, निघण्याआधी ती तशीच थरथरते आणि फुरफुरते. नायकाचे डोळे औषधाच्या दुकानातल्या गृहस्थांचे (हे यांना कळता कामा नये). आणि नावं मतदार यादीतली. शाळेत शिकवत असताना आम्हाला निवडणुकीच्या कामाला जुंपायचे, तेव्हाची मुरबाडकडची एक जुनी यादी माझ्याकडे राहून गेली. एका पानावरचं नाव घ्यायचं, दुसऱ्या पानावरचं आडनाव लावायचं, की झाला सरदार तयार.

रायाजी खोडके असाच तयार झाला. मोरदरीच्या चोरदरवाजावरचा पहारेकरी. पान दोनशे तीनवर तो दार उघडतो, मंजुळा आणि तिचा प्रियकर निसटतात, आणि किल्लेदार रायाजीला उंबऱ्यावरच कापून काढतो. ‘खोडक्याने दार उघडले आणि गडाचा घात झाला,’ असं वाक्य मी टाकलं आणि पुढे गेले. एका परिच्छेदात आला, त्याच परिच्छेदात मेला. त्याच्यावर मी एक कप चहासुद्धा खर्च केला नव्हता.

दिवाळीनंतरच्या मंगळवारी फोन आला. “कादंबरीवाल्या बाई ना? मी पंकज खोडके. धसईच्या पुढं बोरमाळ हाय ना, तिथनं बोलतो. तुमी आमच्या रायाजीबाबाबद्दल लिवलंय, ते घरात समद्यांनी वाचलं. रविवारी येतो आमी. अकरा जण हाव.” आणि फोन बंद.

अकरा जण, माई! कुणाच्या पूर्वजाला फितूर म्हटल्यावर काय होतं, हे मी रोज पेपरात वाचते. भावना दुखावतात, मग काचा फुटतात, मग लेखकाचा फोटो छापून येतो आणि तो नेहमी जुनाच असतो. मी माफीपत्राचे तीन मसुदे केले. एक नम्र, एक अतिनम्र आणि एक ज्यात मी साहित्यातूनच निवृत्ती घेत होते. ऐन वेळी कुणाच्या हाती हत्यार लागू नये म्हणून घरातल्या सगळ्या सुऱ्या आणि विळी धान्याच्या कोठीत तांदळाखाली पुरली, त्यामुळे चार दिवस आम्ही नुसती खिचडी खाल्ली. यांना म्हटलं, बाहेरून कुलूप लावून आत बसू या. यांनी बराच वेळ विचार केला (रेल्वेत कसाऱ्याला सगळी नोकरी केलेला माणूस, घाईचा निर्णय घेतच नाही) आणि विचारलं, “अकरा जणांना दूध किती लागेल?”

रविवारी दहाला टेम्पो दारात थांबला. मी मोरीत होते. म्हणजे लपले होते. दार यांनीच उघडलं. बोलण्याचा गलका, चपलांचा आवाज, मग कुणीतरी काहीतरी जड जमिनीवर आपटलं. फटीतून पाहिलं तर ते नव्या तांदळाचं पोतं होतं. शेजारी दोन लाल भोपळे. आणि खुर्चीवर पंचाहत्तरीची एक बाई, धोंडीबाई, पंकजची आजी, पदर सावरून, मान खाली घालून बसलेली. पंकजची बहीण प्रियांका मुरबाडला कॉलेजात जाते. तिने माझं पुस्तक काढलं. दोनशे तीन पान हळदीच्या बोटांनी पिवळं झालं होतं. तिने रोज थोडं थोडं घरात मोठ्याने वाचून दाखवलं होतं म्हणे. आणि त्यांनी वाचलं होतं ते असं, की धन्याचा हुकूम मोडून, मरण समोर दिसत असताना, दोन जीव वाचावेत म्हणून आमच्या रायाजीबाबाने दार उघडलं. फितुरी त्यात कुणाला दिसलीच नव्हती. माझं वाक्य त्यांनी वाचलं होतं, फक्त माझ्यासारखं वाचलं नव्हतं.

पंकज म्हणाला, “बाई, आमचे लोक धरणात गाव बुडालं तवा बोरमाळला आले. पंचावन वर्सं झाली, तरी देवळात, पंगतीत, आमी भायेरचे ते भायेरचेच. आता पुस्तकात नाव आलं. तीनशे वर्सांपासून आमी याच मुलखातले.” शेतात त्यांना एक उभा दगड सापडला होता. तो रायाजीबाबाचाच, असं सगळ्यांनी एकमताने ठरवलं होतं. त्याची पूजा करून नाव लावायचं, आणि प्रमुख पाहुणी मी.

माई, मार खाण्याची भीती बरी असते, ती पाठीत वाटते. ही पोटात वाटायला लागली. मी तोंड उघडलं, खरं सांगायचं म्हणून, आणि त्यातून “चहा घेणार ना?” एवढंच बाहेर पडलं. धोंडीबाईंनी तेवढी एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. “बाई, तुमाला हे नाव गावलं कुठं गो?” मी म्हटलं, जुन्या कागदांत. (मतदार यादी जुनीच होती.) त्यांनी पुन्हा मान खाली घातली.

यानंतर दोन दिवसांनी दुसरा फोन. नामा पाटील, बोरमाळच्या मूळच्या घराण्यातले. आवाज असा, की मी उभी राहून बोलले. “खोडके आमच्या डोळ्यांदेखत आले. तीनशे वर्सांपूर्वी हितं कसे असतील? पुरावा घेऊन या बाई. नायतर त्या दगडापुढं चारचौघांत इच्चारीन.” पुरावा कुठून आणू? मी दोन दिवस खोटा शिलालेख रचायचा विचार केला, एवढंच सांगते. मोडीत दोन ओळी लिहूनही पाहिल्या. मग स्वतःचीच अशी भीती वाटली की कागद फाडून बंबात घातला. ताप आल्याचं कळवावं असंही ठरवलं, पण प्रियांकाचा रोज निरोप येत होता. मॅडम, मांडव घातला. मॅडम, तुमच्यासाठी खुर्ची आणली, हातवाली.

तर काल, रविवारी, पंकजने पाठवलेल्या टेम्पोतून आम्ही दोघं गेलो. शेतातला दगड चुन्याने रंगवलेला, त्यावर शेंदरी ऑइलपेंटने ‘वीर रायाजी खोडके, मोरदरी गडाचे स्वामीनिष्ठ रक्षक’. (ज्याने धन्याचं दार परस्पर उघडून दिलं तो स्वामीनिष्ठ! पण आता व्याकरण तपासायची वेळ नव्हती.) दीडदोनशे माणूस. पुढच्याच रांगेत काठीवर हनुवटी टेकून नामा पाटील. माझं नाव पुकारलं तेव्हा माइकचा दांडा मी बोलण्यासाठी नाही, आधारासाठी धरला. भाषण पर्समध्ये होतं, त्यात सह्याद्रीची कूस तीनदा होती. समोर प्रियांका वही उघडून बसलेली, मी म्हणेन ते लिहून घ्यायला. त्या वहीनेच माझा घात केला. मी म्हटलं, “रायाजी खोडके नावाचा माणूस कधी झाला नाही. तो मी घरात बसून तयार केला. आडनाव मतदार यादीतून घेतलं. तुमची फसवणूक करायची नव्हती, पण खरं सांगायला मला उशीर झाला. मी घाबरले होते.”

 लांब कुठेतरी खळ्यावर भात झोडत होते, तो आवाज तेवढा येत होता. पंकज माझ्याकडे बघत नव्हता, दगडाकडे बघत होता. मागून कुणीतरी हसलं. मी पळण्याची दिशा ठरवत होते (टेम्पो डावीकडे, हे उजवीकडे, यांना सोडून जावं लागलं असतं), तेवढ्यात धोंडीबाई उठल्या. सरळ येऊन माझ्या हातातून माइक घेतला.

“बाई खरं बोलली. रायाजी आमचा कोन नाय. मला पयल्यापासनं ठाव हाय.”

“मग बोलली का नाय गो आजे?” पंकज ओरडलाच.

“तुमी ताठ चालाया लागलेले. पयल्यांदा. कशाला बोलू?” मग त्या लोकांकडे वळल्या. “माझा सासरा विठू. पानी चढलं तवा समदी भांडीकुंडी घेऊन निघाली. ह्यो परत गेला नि घराचं दार काढून आणलं. सागाचं. डोक्यावर घेऊन दोन दिस चालला. हितं आलो तर घर नाय, भिंत नाय, पाल्याची झोपडी. त्यानं दोन खांब रोवले नि त्यात दार लावलं. मी नवी नवरी. मला सांगितलं, जातायेता दारातनंच जायचं. बाजूनं जायाचं नाय. आमच्या दाराला तीन वर्सं भिंत नव्हती.”

माइक खाली ठेवून त्या जागेवर जाऊन बसल्या. आणि नामा पाटील उभे राहिले. माई, मी डोळे मिटले.

“ते दार मी पायलंय,” ते म्हणाले. फोनवरचा आवाज हा नव्हताच. “आठदहा वर्सांचा व्हतो. आमी पोरं जायचो, कडी वाजवायचो नि पळायचो. विठूबा आतनं इच्चारायचा, कोन हाय, या. आमी समोर दिसायचो त्याला, भिंतच नवती. तरी इच्चारायचा. दर वेळी.” त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. “माझा बाप म्हनायचा, त्यांच्यात जाऊ नका. आमी नाय गेलो.” मग काठीने दगड दाखवून म्हणाले, “पंकज, रंग हाय का अजून? विठूबाचं नाव घाल.”

रॉकेल लावून, फडक्याने घासून रायाजी पुसायला अर्धा तास लागला. मी स्वतः एक बाजू घासली. इतक्या आनंदाने मी कुठल्याच पात्राला मारलं नव्हतं. ‘विठू खोडके’ असं लिहून झाल्यावर पंकजने आजीला विचारलं, खाली काय घालू, वीर घालू? धोंडीबाई म्हणाल्या, “दार घेऊन आला. एवढंच घाल.” पंगतीत नामा पाटील पंकजच्या शेजारी बसले. त्याच्या पानात स्वतःच्या हाताने दुसऱ्यांदा भात वाढला.

निघताना प्रियांका जवळ आली. मला वाटलं, आता ही बोलणार, आणि बोललीच. “मॅडम, तो खोटा असला तरी फितूर नव्हता. दोनशे तीन पान चुकलंय तुमचं.” मी म्हटलं, चुकलंय. तिने ते वहीत लिहून घेतलं.

घरी आल्यापासून मी कागदासमोर बसले आहे आणि एक ओळ उमटत नाही. चौदा पुस्तकांत मला भिंतीविना दार सुचलं नाही, आणि आता जे ऐकलं ते लिहायला हात धजत नाही. ही भीती मात्र, माई, जावी असं वाटत नाही.

डाळ लागल्याचा वास येतोय, म्हणून इथेच थांबते. घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे माझं डोकं टेकलं असं समज, लहानांचे माझ्या वतीने गाल ओढ.

तुझी,
मीना

ता. क. : एक राहिलंच, आणि खरं तर त्यासाठीच लिहायला बसले होते. माझी पंधरावी कादंबरी छापून, बांधून तयार आहे. त्यात एक लंपट कारभारी आहे, तीन संसार मोडतो. त्याचं नाव अनंतराव देवराम भडांगे. होय, दाजींचंच, वडिलांच्या नावासकट. डिसेंबरपर्यंत पुस्तक बाहेर काढायचं होतं आणि त्या दिवशी यादी सापडत नव्हती. कानाच्या पाळीवरचा तीळसुद्धा आलाय. प्रकाशकाने नातलगांना भेटप्रती परस्पर रवाना केल्यात, तुमची बुधवारपर्यंत पोचेल. तेवढी पोस्टमनकडून तू घे आणि मेथीच्या कुंडीखाली ठेव, किंवा कुंडीत.

आणखी एक ता. क. : दाजी, घरातलं टपाल तुम्हीच फोडता हे मला आत्ता आठवलं. साष्टांग नमस्कार. तो कारभारी शेवटी सुधारतो. (पुढच्या आवृत्तीत.)