ओटीचा डोंगा

पवनी, ५ नोव्हेंबर २००५

ती. दादास, खुशबूचा शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते. बाबांनी डोंगा नदीतल्या खडकावर घातला तो धुक्यामुळे, असं मी लिहिलं होतं. धुकं नव्हतं. ऊन होतं. मला खडक काठावरून दिसत होता, बाबांना डोंग्यातून दिसला नाही. हल्ली ते मला पुढे बसवतात आणि समोर काय काय आहे, ते गमतीत विचारत राहतात. ती गंमत नाही, हे मला आता कळलं.

कार्तिकी पुनवेला पहिला डोंगा आपला. वैनगंगेची ओटी भरायला बाया मधल्या धारेत जातील आणि नारळ सोडताना साऱ्या एकाच बाजूला वाकतील. मला फार भीती वाटते. काय करू?

लोभ आहेच, उत्तरही येऊ दे.
खुशबू

जवाहरनगर, ८ नोव्हेंबर

चि. खुशबूस, अनेक आशीर्वाद.

मास्तरीणबाई, घरात पहिली शिकलीस म्हणून आता बापाचे डोळेही तूच तपासणार काय? मला कारखान्यातून सुट्टी नाही. संक्रांतीला येतो, मग त्यांना भंडाऱ्याला दाखवू. ओटीचा मान आजोबांपासून आपला आहे. घाटावर बोभाटा झाला तर आपल्या डोंग्यात कोणी पाय ठेवणार नाही. तू पुढे बस, हळूच सांगत जा. आणि जेवत जा.

तुझा दादा,
जीवन

पवनी, ११ नोव्हेंबर

ती. दादास, शि. सा. न.

तू सांगितलंस तसं काल रिकाम्या डोंग्यात करून पाहिलं. हळूच सांगितलेलं बाबांना ऐकू गेलं नाही. मी ओरडले, तेव्हा त्यांनी डोंगा वळवला. पुनवेला तर घाटावर डफ वाजत असतील. उतरल्यावर, दिसत नाही का, असं मी विचारलंच. हसून म्हणाले, खडक का जागा सोडून जाते का बाई, मले नदी पाठ हाये. मग दोरी बांधायला वाकले, तर खुंटा हाताला सापडेना.

आईला सांगितलं. ओटीच्या डोंग्यात पोरीच्या हाती डोंगा चालवायचा बांबू म्हटल्यावर ती रडली, पण नाही म्हणाली नाही. घाटावर मी कोणाला काही सांगणार नाही. बाबा नारळ घेऊन पुढे बसतील, मान त्यांचाच. त्यांनी ऐकलं नाही, तर मी डोंग्याची दोरी सोडू देणार नाही. रागावलास तरी माया कमी करू नको. बांबू मी धरणार, मंगळवारी, १५ नोव्हेंबरला.

तुझी,
खुशबू