प्रमाणभूत मनुष्य

३ मार्च
लेकीने आज माझं रक्त नेलं. हिचंही. "प्रयोगशाळेला लागतंय, बाबा. वाचून सही करा." सही केली, वाचायचं काय त्यात! तीस वर्षं वार्ताहर आहे — तुलनेला निरोगी माणसं लागतात, एवढं कळतं. म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने मी आता प्रमाणभूत मनुष्य! हिला तसं ऐकवलं.
"प्रमाणभूत माणसाने ओला टॉवेल पलंगावर टाकू नये." — ही. चष्मा लावून अजून तोच कागद वाचत होती.

५ मार्च
दंड निळा. भेटेल त्याला दाखवला. लेक म्हणाली, "एका सुईचं एवढं? लहानपणी दर आजारपणात मी किती टोचून घेतल्या!"

९ मार्च
तिच्या संशोधनावर बातमी लिहितोय. (संपादक: "लिहा, पण मुलीचं नाव घालू नका हं.") पहिलंच वाक्य झोकात उतरलं — 'प्रतिपिंडे जंतूंचा संहार करतात.' लेकीने लाल शाईने काट मारली!
"संहार-बिंहार नाही हो बाबा. अँटीबॉडी जंतूला नुसती चिकटते. तिची शेपटी बाहेर राहते. पांढऱ्या पेशीवर रिसेप्टर असतो, तो ती शेपटी धरतो. मग पेशी जंतू गिळते."
रिसेप्टरला मी 'ग्राही' लिहिलं. संस्कृत फुकट जायला नको.
"आणि ग्राहीने धरलंच नाही तर?"
"तर अँटीबॉडी ढीगभर, आणि माणूस तरी आजारी."
"म्हणजे मी बातमी पकडून आणली, पण संपादकाने हातच पुढे केला नाही?"
"हां! हे छापा."
प्रमाणपत्रच की!

१४ मार्च
उद्या तिची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा. तिचं म्हणणं असं — काहींचा ग्राही जन्मतः ढिला असतो. त्याच्या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. दोन्ही ढिल्या आल्या की मूल सारखं आजारी. परीक्षकांना पटलं नाही तर पाच वर्षं पाण्यात. ती जेवली नाही. तिच्या वाटणीचं मी जेवलो, काळजीपोटी.

१५ मार्च
मागच्या बाकावर आम्ही दोघं. परीक्षक रुग्ण क्रमांक सातवर अडले. जुन्या नोंदींतली सात वर्षांची मुलगी, वरचेवर न्यूमोनिया, रक्तात प्रतिपिंडं भरपूर. "ग्राही ढिला, आणि तोही जन्मतः — कशावरून?"
लेकीने पडद्यावर त्या मुलीच्या आईबापांचे आलेख आणले. दोघं ठणठणीत. पण प्रत्येकाची एक प्रत घट्ट, एक ढिली. बिचारे! पोरीला नेमकं काय दिलं, त्यांच्या गावीही नसेल.
परीक्षकांनी दोन्ही आलेख शेजारी-शेजारी लावायला सांगितले. मग म्हणाले, "पुरेसं आहे. अभिनंदन, डॉक्टर."
डॉक्टर! मी ताडकन उभा राहून टाळ्या वाजवल्या — अख्ख्या सभागृहात पहिला! ही मात्र डोळे पुसत होती. म्हटलं, "रडतेस काय? पोरीला सगळं माझ्याकडून आलंय!"
"सगळं नाही," ही म्हणाली. "निम्मं."

१६ मार्च
बातमी छापून आली. कात्रण ठेवायला फाईल काढली, तर त्या दिवशीच्या कागदाची प्रत निघाली. आज वाचली. सहीच्या वर छापलंय —
'रुग्ण क्र. ७ चे वडील.'
टाळी पहिली माझीच होती. तेवढं तरी बरोबर केलं.