ठाकुरांच्या दारात तारा पुरू नयेत

मी जुमा खाँ, वडील सुमार खाँ, जात मांगणियार, धंदा पिढीजात यजमानांच्या घरी गाणे, राहणार झाकोड, जिल्हा बाडमेर, वय सत्तरच्या पुढे. शुद्धीत आहे. कोणाच्या धाकाने लिहून देत नाही. याआधीचा कागद कोणी दाखवला तर खोटा समजावा.

घर शरियतप्रमाणे बायको हूरां, मुलगा सवाई आणि मुलगी जन्नत यांचे. हे घर जाहिरातीच्या पैशांवर उभे आहे, असे गाव म्हणते. खरे आहे. आमचे यजमान ठाकूर रूपसिंह यांच्या घरचे जन्माचे गाणे मी शहरात रेकॉर्ड करून दिले. कंपनीने ते दारूच्या जाहिरातीला लावले. तेव्हापासून ठाकुरांचे दार मला बंद आहे. पैसे परत केले नाहीत, कारण डोक्यावर छप्पर नव्हते.

चुलतभाऊ अलादीन भर लग्नात म्हणाला, "जुमा, आता बाटलीचंच बारसं कर. तुझे यजमान तेच." लोक हसले. त्याने माझ्या मयतीला खांदा देऊ नये. नाही, द्यावा. माणसे कमी पडतील.

माझे तारांचे वाद्य, कमायचा, सवाईला. हूरां व जन्नत यांची संमती आहे. पण अट आहे. यजमानाने अपमान केला तर मांगणियार आपल्या वाद्याच्या तारा त्याच्या दारात पुरतो. मग पिढ्यांचे नाते संपते. सवाई जयपूरला हॉटेलात गातो. तो म्हणतो, "अब्बा, तुमचे डोळे मिटले की आधी तेच काम. इतकी वर्षं त्यांनी तुम्हाला दारात उभं केलं नाही."

मी म्हटले, "पुरायच्या असत्या तर मीच पुरल्या असत्या."

"मग काय, भीक मागत जाऊ?"

"हक्काचं मागायला भीक म्हणत नाहीत."

ठाकुरांच्या सुनेला दिवस गेले आहेत. गाण्यात त्यांच्या पिढ्यांची नावे आहेत. नवे नाव जोडणे आपले काम. मूल झाले की सवाईने जाऊन गावे. दार लावलेले असेल तर बाहेर उभे राहून गावे. तारा पुरल्यास किंवा न गेल्यास कमायचा अलादीनच्या मुलाला द्यावा. हे लिहिताना जिवावर येते, पण द्यावा.

साक्षीदार:
१. हाजी मठार, इमाम
२. भंवरलाल, शाळेचे गुरुजी

तिसरी जागा ठाकुरांसाठी ठेवली होती. गुरुजी कागद घेऊन जाऊन आले. ठाकूर म्हणाले, "आमच्या घरचा मांगणियार असता तर सही केली असती." गुरुजींनी विचारले, गाण्याचे कलम खोडू का.

खोडू नये.

सही: जुमा खाँ
झाकोड, १९ डिसेंबर २०१७